शाईच्या थेंबाची उडी

धाराशिवच्या कडक उन्हाळ्यात सुट्टीभर बंद असलेला शाळेचा इंकजेट प्रिंटर जूनमध्ये सुरू केला, की अनेकदा अक्षरांत पांढऱ्या रेघा दिसतात. असे का होते?

१९७७ साली जपानमधील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत डाख देण्याची तापलेली सळई शाईने भरलेल्या इंजेक्शनच्या सुईला चुकून लागली. शाई उडाली आणि नवी युक्ती सुचली! अशा प्रिंटरच्या शाईच्या डबीला केसाहूनही बारीक छिद्रे असतात. विजेच्या झटक्याने आतला चिमुकला तापक तापतो, वाफेचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. बुडबुडा विरताच ताजी शाई आत येते.

ठिबकच्या तोटीत क्षार साचावेत, तशी वाळलेली शाई ही छिद्रे बुजवते. म्हणून प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करावा. म्हणजे छिद्रांवर टोपण बसते. सुट्टीतही अधूनमधून एखादे पान छापावे. सुई मात्र कधीच खुपसू नये!