काम मागणाऱ्यांचे सभापती

आपणा नोकरदारांच्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जातो. रक्कम लहान, म्हणून आपण फारशी कुरकुर करीत नाही आणि तो कशासाठी, हेही विचारीत नाही. मी मात्र एकदा चौकशी केली आणि पोहोचलो वि. स. पागे यांच्यापाशी.

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म १९१० चा, सांगली जिल्ह्यातला. शिक्षणाने वकील, वृत्तीने गांधीवादी आणि संतवाङ्मयाचे व्यासंगी. १९६० ते १९७८ ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. या खुर्चीला मान मोठा. पण हाती ना खाते, ना खजिना. तेथे बसून पागे यांनी एकच प्रश्न लावून धरला : कष्ट करायला तयार असलेल्या माणसाला सरकारने काम का देऊ नये?

१९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात याचा प्रयोग झाला. १९७२ साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, रोजगार हमी योजना आली. त्याच वेळी भीषण दुष्काळ पडला आणि लाखो स्त्री-पुरुष खडी फोडायला, माती उपसायला कामांवर आले. पण दुष्काळी काम म्हणजे सरकारची मेहेरबानी. पाऊस पडला की ते बंद. पागे यांना हवा होता हक्क. १९७७ साली तसा कायदा संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. खेड्यातील प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितल्यास ते पंधरा दिवसांत द्यायचे. न दिल्यास बेकारी भत्ता.

पैसा कोठून आणायचा? १९७५ च्या व्यवसाय कराचे उत्पन्न या योजनेसाठी ठरले. याप्रमाणे उभ्या राहणाऱ्या निधीत सरकारने तेवढीच भर घालायची. वाचकहो, शहरातल्या पगारदाराचा हात असा खेड्यातल्या पाझर तलावाला लागला!

योजनेत दोषही होते. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी रखडली. तरीही गावातली बाई कचेरीत जाऊन, हात न पसरता, ‘काम द्या’ म्हणू शकली, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

पागे १९९० साली वारले. २००५ मध्ये संसदेने साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. पुढच्या पगाराला ती कपात दिसली, तर घरातल्या मुलांना पाग्यांचे नाव जरूर सांगा.