तिपेडी तंतूची ताकद

हाड, कूर्चा, स्नायुरज्जू, त्वचेचा आतला थर, चरबी, इतकेच काय, रक्तही जीवशास्त्राच्या लेखी एकाच घराण्यातले: संयोजी ऊती. रक्त आणि चरबी सोडली, तर या घराण्यात पेशी विरळ असतात आणि मधली जागा त्यांनीच बनवलेल्या तंतूंनी भरलेली असते. जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशी आणि ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या मास्ट पेशीही तिथेच वावरतात. तंतू घडवते ती मात्र फायब्रोब्लास्ट. फुप्फुसे आणि धमन्या ताणून पुन्हा पूर्ववत होतात ते इलॅस्टिनच्या तंतूंमुळे. खेचले तरी न तुटण्याची ताकद कोलॅजेनची. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के कोलॅजेनच असते.

कोलॅजेनची रचना उलगडली मद्रास विद्यापीठात. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुरज्जूवर क्ष-किरण टाकले आणि १९५४-५५ मध्ये उत्तर मांडले: तीन साखळ्या वेणीच्या तीन पेडांसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या. पिळाच्या मध्यभागी जागा इतकी अरुंद, की तिथे सर्वांत लहान अमिनो आम्लच मावते. म्हणून प्रत्येक साखळीत दर तिसरे स्थान ग्लायसिनचे. अपुऱ्या साधनांत झालेले हे काम भारतीय विज्ञानातले अव्वल दर्जाचे आहे, आणि शाळेच्या पुस्तकात त्याला मानाचे पान मिळायला हवे.

हा पीळ शरीराच्या तापमानाला टिकायचा, तर साखळीतल्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट बसावे लागतात. ते बसवणाऱ्या विकराला ‘क’ जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही, की फायब्रोब्लास्ट काम करत राहते, पण पीळ सैल पडतो. हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत, जुने व्रण उघडू शकतात. हाच स्कर्व्ही. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी ‘सॅलिस्बरी’ जहाजावरच्या १२ आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. कारण कळायला मात्र विसावे शतक उजाडले.

आज कोलॅजेनच्या पावडरी महागड्या डब्यांतून विकल्या जातात. पण खाल्लेले कोलॅजेन आतड्यात अमिनो आम्ले आणि छोट्या तुकड्यांत मोडते. नवा तंतू फायब्रोब्लास्टलाच घडवावा लागतो. तिला प्रथिने आणि ‘क’ जीवनसत्त्व द्या. डब्यावर पैसे घालण्याआधी ताटात डाळ-उसळ आहे का ते पाहा, आणि पेरू, आवळा खा. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त ‘क’ जीवनसत्त्व असते.