हजार डॉलरचं बक्षीस आणि टाचणीच्या माथ्यावरचा ज्ञानकोश

२९ डिसेंबर १९५९. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे, कॅलटेक संस्थेत अमेरिकन फिजिकल सोसायटीची वार्षिक सभा भरली होती. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन बोलायला उभे राहिले. नोबेल मिळायला अजून सहा वर्षं होती, पण नाव गाजायला लागलं होतं. त्यांनी विचारलं, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे सगळे खंड टाचणीच्या माथ्यावर का मावू नयेत? हिशेबही मांडला. मजकूर २५,००० पटींनी लहान केला की काम झालं. छपाईतला बारीकातला बारीक ठिपका एवढा आक्रसला, तरी त्याच्या रुंदीत धातूचे ३२ अणू ओळीने बसतात. म्हणजे जागा भरपूर आहे, निसर्गाचा एकही नियम आड येत नाही. अडतंय ते फक्त करून दाखवण्यावाचून.

भाषणाच्या शेवटी त्यांनी हजार-हजार डॉलरची दोन बक्षिसं जाहीर केली. एक, पुस्तकाचं पान २५,००० पटींनी लहान करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येईल असं लिहिणाऱ्याला. दुसरं, प्रत्येक बाजू १/६४ इंच, म्हणजे जेमतेम ०.४ मिलिमीटर, एवढ्या घनात मावणारी चालती विजेची मोटर बनवणाऱ्याला. अशा अतिसूक्ष्म घडणावळीसाठीचा नॅनोफॅब्रिकेशन हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. या क्षेत्रातलं पहिलं बक्षीस मात्र त्या दिवशी जाहीर झालं होतं.

चिमटा, भिंग आणि दुपारची सुट्टी

मोटरचं बक्षीस वर्षाच्या आत गेलं. विल्यम मॅक्लेलन हे कॅलटेकचेच माजी विद्यार्थी आणि व्यवसायाने अभियंता. जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी १३ भागांची, २५० मायक्रोग्रॅम वजनाची मोटर जुळवली. हत्यारं म्हणजे चिमटा, सूक्ष्मदर्शक, घड्याळजीचं लेथ आणि टोक काढलेली काडी. नोव्हेंबर १९६० मध्ये ते एक लाकडी पेटी घेऊन फाइनमनकडे गेले. तोवर बरेच हौशी लोक अटीपेक्षा मोठ्या मोटरी दाखवून गेले होते. या माणसाने पेटीतून सूक्ष्मदर्शक काढला, तेव्हा फाइनमन सावध झाले. हा गडी अट नीट वाचून आला होता. पैशांची तजवीज झालीच नव्हती, तेव्हा हजार डॉलर फाइनमनच्या पदरचे गेले.

पण फाइनमन थोडे हिरमुसलेही. एवढी लहान वस्तू बनवायला नवं तंत्र शोधावं लागेल, अशी त्यांची अटकळ होती. मॅक्लेलननी जुन्याच कारागिरीची कमाल करून अट पुरी केली. बक्षिसाची अट ढिली असली तर पैसे जातात आणि विज्ञान जागच्या जागी राहतं, हा धडा पुरस्कार ठरवणाऱ्यांनी आजही गिरवावा.

पान लिहिलं, पण सापडेना

दुसरं बक्षीस २५ वर्षं पडून होतं. १९८५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या टॉम न्यूमन या पदवीधर विद्यार्थ्याने, बक्षीस अजून खुलं आहे का, अशी विचारणा फाइनमनकडे केली. होकार मिळाला. त्याचे मार्गदर्शक फेबियन पीज यांच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन शलाकेने कोरकाम करणारं यंत्र होतं. न्यूमनने चार्ल्स डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या कादंबरीचं पहिलं पान जेमतेम ५.९ मायक्रोमीटर बाजूच्या चौकोनात लिहून काढलं. खरी दमछाक पुढेच होती. त्या पृष्ठभागाच्या मानाने पान इतकं लहान, की लिहून झाल्यावर ते सापडेना! सापडलं, वाचता आलं आणि फाइनमननी दुसरा चेक लिहिला.

हे लिखाण होतं कसं? प्रचलित रीत अशी. सिलिकॉनच्या चकतीवर पीएमएमए नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर देतात. अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या ज्याच्या असतात, तेच हे प्लास्टिक. इलेक्ट्रॉनची शलाका जिथे पडते तिथे त्याच्या लांब साखळ्या तुटतात, आणि तेवढाच भाग द्रावणात विरघळून जातो. वरून सोन्यासारख्या धातूचा थर चढवतात. मग चकती अ‍ॅसिटोनमध्ये बुडवली, की उरलेलं प्लास्टिक आपल्यावरचा धातू घेऊन निघून जातं. मागे राहतात फक्त नेमक्या जागी उमटलेल्या रेषा.

हे सारं घडतं ते क्लीनरूममध्ये. ‘क्लास १००’ दर्जाच्या खोलीत घनफूटभर हवेत अर्ध्या मायक्रोमीटरचे किंवा त्याहून मोठे कण शंभरावर चालत नाहीत. कारणही सरळ आहे. सहा मायक्रोमीटरचा धुळीचा एक कण न्यूमनचं अख्खं पान झाकून टाकेल. म्हणून आत जाणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत सुटात. पेन्सिल आणि साधा कागद बाहेर. प्रकाशाने नक्षी उमटवण्याच्या, म्हणजे लिथोग्राफीच्या, दालनात पिवळा उजेड, कारण तिथला प्रकाशसंवेदी लेप निळ्या प्रकाशाने बिघडतो.

आधी काम की आधी पैसा?

फाइनमनचं बक्षीस काम झाल्यावर मिळणारं होतं. आज तरुण संशोधकांसाठीचे मोठे पुरस्कार उलट्या वाटेने जातात. ते काम उभं राहण्याआधी विश्वास टाकतात. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा ‘करिअर’ पुरस्कार १९९५ पासून आहे. त्यात नव्या प्राध्यापकाला पाच वर्षांसाठी बहुतेक विषयांत किमान ४ लाख डॉलर मिळतात. युरोपियन रिसर्च कौन्सिलचं ‘स्टार्टिंग ग्रँट’ १५ लाख युरोपर्यंत जातं, आणि आई झालेल्या संशोधिकेला अर्जाच्या पात्रतेच्या मुदतीत प्रत्येक अपत्यामागे दीड वर्षाची सवलत असते. आपल्याकडे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या नावाने सुरू केलेलं अर्ली करिअर अनुदान तीन वर्षांसाठी ६० लाख रुपयांचं आहे.

रक्कम वाईट नाही. मात्र इलेक्ट्रॉन शलाकेचं चांगलं यंत्र कोट्यवधींच्या घरात जातं. क्लीनरूमची वातानुकूलन यंत्रणा रात्रंदिवस चालू ठेवावी लागते, तिचा खर्च वेगळाच. जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयात रुजू झालेल्या तरुण प्राध्यापकाने पुरस्काराचे सगळे पैसे ओतले, तरी यंत्राचा एक कोपराही येणार नाही. न्यूमनलाही यंत्र विकत घ्यावं लागलं नव्हतं. ते प्रयोगशाळेतच होतं, आणि ते चालवू देणारे गुरू पाठीशी होते.

या अडचणीवरचा एक उतारा आपल्या पवईत आहे. २००६ च्या सुमारास केंद्र सरकारच्या पैशातून पवईची आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स इथे नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं उभी राहिली. मुंबईतल्या उभारणीत पुढे असलेले प्रा. व्ही. रामगोपाल राव यांना २००५ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, विज्ञानातला भटनागर पुरस्कार मिळाला होता. २००८ मध्ये ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम’ सुरू झाला आणि केंद्रांची दारं बाहेरच्यांसाठी उघडली. देशातल्या कुठल्याही महाविद्यालयातला संशोधक अर्ज करतो, प्रशिक्षण घेतो, आपलं उपकरण तिथल्या यंत्रांवर बनवतो आणि ते घेऊन गावी परततो.

तेव्हा पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी एवढं करावं. मानपत्र आणि धनादेश यांच्या जोडीला अशा केंद्रातल्या यंत्रांचे ठरावीक तास आणि शिकवायला एक अनुभवी तंत्रज्ञ पुरस्कारातच लिहून द्यावा. आणि वाचकांपैकी कुणी या विषयात नुकतं पाऊल टाकलं असेल, तर त्याने पुरस्काराची वाट बघत बसू नये. पवईला अर्ज करायला पुरस्कार लागत नाही.