३० बाटमध्ये सगळे आजार

२००१ साली थायलंडमध्ये सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर ३० बाट भरले की केसपेपर निघायचा. मग साधा ताप असो की हृदयाची शस्त्रक्रिया, पुढे बिल नाही. तेव्हाच्या दराने हे साधारण तीसच रुपये. १९९७ मध्ये ज्या देशाचे चलन कोसळले आणि आशियाभर आर्थिक संकट पसरले, त्यानेच चार वर्षांत हे धाडस करावे, हे नवलच!

घोषणा त्याच वर्षी पंतप्रधान झालेल्या थाकसिन शिनावात्रा यांच्या पक्षाची. आराखडा मात्र डॉ. सांगुआन नित्तयारंफोंग यांचा. सिसाकेत प्रांतातल्या तालुक्याच्या रुग्णालयात काम केलेला हा डॉक्टर आपली योजना राजकारण्यांना पटवत फिरत होता. थाकसिन यांना तिच्यात मते दिसली.

३० बाटांत खर्च भागणार नव्हताच. खरी करामत होती १,२०२ या आकड्यात. करांतून दरडोई, दरवर्षी एवढे बाट रुग्णालयाला मिळू लागले, तेही नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर. पूर्वी जिथे इमारती, खाटा आणि डॉक्टर, तिथेच पैसा जाई. आता तो ईशान्येच्या गरीब इसान भागाकडे वळला. पण याच रकमेत पगारही धरले होते. त्यामुळे भरपूर कर्मचारी असलेल्या मध्य थायलंडमधल्या रुग्णालयांची पंचाईत झाली. सरकारला वेगळा निधी काढावा लागला, सूत्रही सैल करावे लागले. ही माघार घेतली नसती, तर योजना पहिल्या वर्षातच गुंडाळली गेली असती, असे मला वाटते.

तेव्हा रुग्णाला आधी नोंदणीच्या स्थानिक रुग्णालयात जावे लागे, मोठ्या रुग्णालयासाठी तिथून चिठ्ठी घ्यावी लागे. ठरलेली रक्कम आधीच हाती असल्याने बाह्यरुग्णाच्या जादा तपासण्या करून रुग्णालयाची कमाई होत नसे. उलट हात आखडण्याचा मोह होई. गर्दी वाढली, आणि बरेच डॉक्टर खासगीत गेले. सरकारी नोकरांनी मात्र आपली वेगळी, ऐसपैस योजना सोडली नाही. कारखान्या-कचेऱ्यांतल्या कामगारांचा निधीही वेगळाच राहिला.

सप्टेंबर २००६ मध्ये लष्कराने थाकसिन यांना हटवले. योजनेला हात लावायची हिंमत नव्या सरकारला झाली नाही. उलट त्याने ते ३० बाटही माफ केले. २०१२ मध्ये थाकसिन यांच्या भगिनी यिंगलक यांच्या सरकारने ते पुन्हा लावले, पण ‘मला भरायचे नाहीत’ म्हणणाऱ्याकडून घ्यायचे नाहीत, या सवलतीसह.