कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या सरावाचे फोटो काढायचेत? मग हे आधी वाचा

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींची मॅच असली की हजारो मोबाईल एकदम वर जातात. कॉलेजच्या मैदानावरच्या सरावाला मात्र फोटो काढायला कुणी नसतं. खरं तर मॅचमध्ये एका टीमचे 11 जणच मैदानात असतात. रोज घाम गाळणारे बाकीचे खेळाडू फोटोत येतात ते सरावातच! म्हणूनच हे फोटो महत्त्वाचे आहेत. ते चांगले कसे काढायचे?

आधी कोचला विचारा
कुठे उभं राहायचं आणि काय शूट करायचं नाही, हे सुरुवातीलाच विचारून घ्या. टचलाइनच्या दोन-तीन पावलं बाहेर थांबा. शूटिंगचा सराव सुरू असेल तर गोलच्या मागे जाळीला खेटून उभं राहू नका. फ्लॅश बंद ठेवा.

उजेड कुठून येतोय ते बघा
दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताआधीचा तासभर उत्तम. सूर्य तुमच्या पाठीमागे असेल तर चेहरे स्वच्छ येतात. सूर्य खेळाडूंच्या मागे असेल तर उडणारी धूळ चमकते, पण चेहरे काळे पडतात. मोबाईलवर चेहऱ्याला टॅप करून ब्राइटनेस थोडा वाढवा.

फोटो हलतोय?
धावणाऱ्या खेळाडूसाठी शटर स्पीड किमान 1/500 ठेवा, किकसाठी 1/1000. उजेड कमी झाला तर आयएसओ वाढवा. थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला फोटो मात्र नंतर सुधारत नाही. मोबाईलमध्ये प्रो मोड नसेल तर बर्स्ट वापरा. डिजिटल झूम टाळा, त्यापेक्षा सुरक्षित अंतर ठेवून थोडं पुढे जा.

ड्रिल समजून घ्या
सरावाची मोठी सोय म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा होते. पहिल्या दोन फेऱ्या नुसत्या बघा. कोनमधून ड्रिबल करत येणारा खेळाडू शेवटच्या कोनपाशी मान वर करतो, हे लक्षात आलं की तिथेच फोकस धरून थांबा. गुडघ्यावर बसून कॅमेरा खाली घ्या, म्हणजे खेळाडू उंच आणि बॉल मोठा दिसतो.

बॉलपासून नजर हटवा
गोलकीपर बहुतेक वेळ एका बाजूला वेगळा सराव करत असतो. कुणी बूट बांधतंय, कुणी दुखापतीमुळे बाहेर बसलंय, कुणी कोन गोळा करतंय. वर्षभर एकही मॅच न मिळालेल्या खेळाडूकडे कॉलेजच्या दिवसांची आठवण म्हणून कदाचित तुम्ही काढलेला हाच फोटो उरेल. घरी जाण्याआधी यादी तपासा, प्रत्येकाचा किमान एक चांगला फोटो झाला का?

पोस्ट करण्याआधी थांबा
दुखापतीचे, रडतानाचे किंवा कपडे बदलतानाचे फोटो टाकू नका. मॅच जवळ असेल तर कॉर्नर किंवा फ्री किकच्या सरावाचे व्हिडिओसुद्धा नकोत, कारण समोरची टीमही इन्स्टाग्राम बघते. कुणी फोटो काढून टाकायला सांगितला तर वाद न घालता काढा.

आणि एक शेवटचं. टीमच्या ग्रुपवर फोटो पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर व्हॉट्सअॅप त्यांचा दर्जा कमी करतं आणि पुढे प्रिंट काढायची म्हटली तर फोटो फाटतात.