गुडघे दुखतात म्हणून बसून राहायचं का?

"अम्मी, तुम्ही बसा, आम्ही करतो." गुडघे दुखणाऱ्या आईला आपण सगळेच हे प्रेमाने म्हणतो. पण बसून राहिल्याने गुडघा बरा होत नाही, उलट आणखी कमजोर होतो. आधी बाजारात जाणं बंद होतं, मग नातेवाइकांकडे जाणं, शेवटी जिना उतरणंही.

ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे सांध्याची झीज. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याला रक्तपुरवठा नसतो; सांध्यातल्या द्रवातून पोषण मिळतं आणि ते पोहोचायला हालचाल लागते. शिवाय मांडीचे स्नायू गुडघ्याला आधार देतात. पाय वापरला नाही की ते अशक्त होतात आणि सांध्यावरचा ताण वाढतो. म्हणूनच ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम हा या आजारावरचा मुख्य उपचार मानला आहे.

सुरुवात घरातच करता येते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा आणि हळू खाली आणायचा. प्रत्येक पायाने १० वेळा. मग हाताचा आधार घेऊन खुर्चीतून उठणं-बसणं. जोडीला सपाट रस्त्यावर ५ ते १० मिनिटं चालणं, हळूहळू वाढवत. वजन जास्त असेल तर १ किलो घटलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो.

सुरुवातीला थोडं दुखेल. त्याचा अर्थ गुडघा बिघडतोय असा नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत दुखणं कमी झालं तर तेवढंच चालू ठेवा. वाढलं तर व्यायाम कमी करा, पण सोडू नका. मात्र गुडघा लाल-गरम झाला, अचानक सुजला, ताप आला किंवा पायावर भारच देता येत नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

खरी अडचण सवयीची असते. असरनंतरची दहा मिनिटं ठरवून टाकली तर विसर पडत नाही. नमाज खुर्चीवर होत असली तरी हा व्यायाम वेगळा करायलाच हवा. सारखं "केला का?" विचारण्यापेक्षा नातवाला सोबत बसवा.

अब्बांना चहा जागेवर नेऊन देणं ही खिदमत आहेच. संध्याकाळी त्यांचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालून येणं, हीसुद्धा खिदमतच.