ताप उतरल्यानंतरची वर्षे

मार्चअखेरची धांदल म्हणजे काय, हे बँकेत काम करणाऱ्यांना सांगावयास नको. काही वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात, गरौठा येथे माझी नेमणूक असताना नेमक्या त्याच दिवसांत आमच्या अडीच वर्षांच्या मुलाला ताप भरला. गरौठा हे तहसिलीचे गाव. शेजारच्या गुरसरायला गोविंदपंत खेर, म्हणजे इतिहासातले गोविंदपंत बुंदेले, यांच्या वंशजांची जहागीर होती; त्यामुळे माझे मराठी आडनाव ऐकून तिकडचे वृद्ध खातेदार आपुलकीने चौकशी करीत. हरभरा-मसुराची काढणी चाललेली, किसान क्रेडिट कार्डाच्या नूतनीकरणासाठी दारापर्यंत रांग. मी रात्री घरी परते, मुलाच्या कपाळावर हात ठेवी आणि झोपी जाई.

चौथ्या दिवशी अंगावर पुरळ उठले. गोवर असावा, असे सर्वांचे मत पडले. आठव्या दिवशी आम्ही झाशी गाठली. तेथील बालरोगतज्ज्ञांनी ओठ, जीभ, तळहात पाहिले, दंडावरील बीसीजीच्या लसीचा व्रण पाहिला आणि विचारले, ''ताप नक्की कोणत्या तारखेला सुरू झाला?'' रोज शंभर व्हाउचरांवरील तारखा तपासणाऱ्या मला ती एक तारीख सांगता आली नाही. पत्नीने सांगितली. निदान झाले ते ‘कावासाकी आजार’ असे. हे नाव मी तोवर फक्त मोटारसायकलीवर वाचले होते.

या आजाराचा आणि त्या कंपनीचा काहीही संबंध नाही. टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी जानेवारी १९६१ मध्ये चार वर्षांच्या एका मुलात ही लक्षणे पाहिली. ज्ञात असलेल्या कोणत्याच रोगात ती बसेनात. पुढील सहा वर्षांत त्यांनी अशा ५० मुलांच्या नोंदी जमविल्या आणि १९६७ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. आजार आपोआप बरा होतो, अशीच तेव्हा समजूत होती. १९७० मध्ये जपानात देशव्यापी पाहणी झाली, तेव्हा बरी होऊन घरी गेलेली काही मुले अकस्मात दगावल्याचे उघड झाले. शवविच्छेदनात कारण सापडले ते हृदयात. डॉ. कावासाकी २०२० मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले. आजाराचे मूळ कारण त्यांच्या हयातीत उमगले नाही आणि आजही निश्चित झालेले नाही. एका मुलापासून दुसऱ्याला हा आजार जडत नाही, एवढे मात्र नक्की.

आजारात शरीरातील मध्यम आकाराच्या धमन्यांना दाह होतो. त्यांतही हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या करोनरी धमन्यांवर त्याचा विशेष रोख असतो. दाहाने धमनीची भिंत कमकुवत होते आणि रक्ताच्या दाबाने तेथे फुगवटा येतो. लहान मुलाची ही धमनी दोन-तीन मिलिमीटर रुंदीची असते. फुगवटा आठ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा झाल्यास त्याला महाकाय म्हणतात. उपचार न झाल्यास शंभरातील सुमारे २५ मुलांच्या धमन्यांना इजा होते. दहा दिवसांच्या आत शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन दिले, तर हे प्रमाण चार-पाचांवर येते. मात्रा मुलाच्या वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम. आमच्या १२ किलोच्या मुलाला २४ ग्रॅम लागले. औषध महाग आहे आणि लहान गावात मिळत नाही. म्हणून दिवस मोजणे महत्त्वाचे. पाच दिवस न हटणारा ताप, दोन्ही डोळे लाल पण चिपडे नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लालभडक, अंगावर पुरळ, हातापायांना सूज, मानेत गाठ : यांतील बरीच लक्षणे एकत्र दिसली, तर तालुक्याच्या गावी थांबू नये. सगळी लक्षणे एकाच दिवशी दिसतीलच असे नाही. कालचे पुरळ आज मावळलेले असते. तान्ह्या बाळांत तर पुष्कळदा तापाखेरीज फारसे काही दिसत नाही आणि धोका मात्र त्यांनाच अधिक. बोटांच्या टोकांची साल निघते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे बहुधा वेळ टळत आल्यावर.

आपल्याकडे मुलाला हृदयविकार म्हटले की जन्मजात छिद्र किंवा संधिवाताच्या तापाने बिघडलेली झडप एवढेच डोळ्यांसमोर येते. त्यामुळे हा आजार भारतात पुष्कळ काळ ओळखलाच गेला नाही. चंडीगडच्या पीजीआय संस्थेत डॉ. सुरजित सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून या रुग्णांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या. त्यामुळे तो आपल्याकडेही आहे, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. २०२० मध्ये कोविडनंतर काही मुलांना असाच दाह होऊ लागला. मुंबईत परळच्या बाई जेरबाई वाडिया रुग्णालयातही अशी मुले दाखल झाली आणि कावासाकी हे नाव मराठी वृत्तपत्रांत पोहोचले. तो आजार वेगळा. पण धमन्यांची काळजी दोन्हींत सारखीच.

आमच्या मुलाला नवव्या दिवशी औषध मिळाले. छत्तीस तासांत ताप उतरला, तो खेळू लागला. आम्ही पेढे आणले. ग्वाल्हेरला केलेल्या टुडी इकोत मात्र डाव्या धमनीला लहानसा फुगवटा दिसला. खरा हिशेब तेथून सुरू झाला.

ज्या मुलांच्या धमन्या सुरुवातीपासून निर्दोष राहिल्या, त्यांच्या पालकांनी निष्कारण धास्ती घेऊ नये. अशा मुलांना सहा ते आठ आठवडे ॲस्पिरिनची अल्प मात्रा देतात, इको पुन्हा करतात आणि सर्व ठीक असल्यास साधारण वर्षभरात हृदयतज्ज्ञ त्यांना मोकळे करतात. त्यांना इतर मुलांसारखेच पळू द्यावे. फुगवटा असलेल्यांची गोष्ट निराळी. लहान फुगवटे पुष्कळदा एक-दोन वर्षांत मावळतात आणि इकोत धमनी पूर्ववत दिसते. परंतु आतील भिंत जाड व ताठर राहिलेली असू शकते. महाकाय फुगवट्यात रक्त रेंगाळून गुठळी होण्याचे भय असते, म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध द्यावे लागते आणि मार लागेल असे खेळ वर्ज्य करावे लागतात. पुढे फुगवट्याच्या टोकाशी धमनी अरुंद होऊ शकते. विशी-तिशीत हृदयविकाराचा झटका आलेल्या काही तरुणांच्या बालपणात असा एक विसरलेला ताप सापडला आहे.

घरगुती बाबींतही दक्षता लागते. इम्युनोग्लोब्युलिन घेतल्यावर गोवर आणि कांजिण्यांच्या लसी ११ महिने पुढे ढकलतात. ॲस्पिरिन चालू असताना फ्लू किंवा कांजिण्या आल्यास यकृत व मेंदूवर घातक परिणाम संभवतो. त्यामुळे लगेच डॉक्टरांना कळवावे आणि फ्लूची लस दरवर्षी द्यावी. तापासाठी आयबुप्रोफेन मनाने देऊ नये, त्याने ॲस्पिरिनचा गुण कमी होतो.

सर्वांत नाजूक काळ मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होतो तेव्हाचा. बालहृदयतज्ज्ञाकडे जाणे थांबते, मोठ्यांच्या डॉक्टरकडे जाण्याचे राहून जाते. शिक्षणासाठी तो पुण्याला किंवा बंगळूरला जातो आणि गोळ्या आईबरोबर घरीच राहतात. छातीचे हाड-मांस भरल्याने इकोत धमन्या पूर्वीइतक्या स्पष्ट दिसत नाहीत, तेव्हा सीटी अँजिओग्राफीचा विचार होतो. मुलींच्या बाबतीत गरोदरपणाआधी हृदयतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. तंबाखू तर दोघांनाही विषासमान; बुंदेलखंडात शाळकरी मुलांच्या खिशात गुटख्याच्या पुड्या पाहिल्या आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

एक गोष्ट माझ्या व्यवसायाची. आरोग्य विम्याच्या अर्जात हा आजार लपवू नये. १ एप्रिल २०२४ पासून पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने असतो. तो सोसावा, पण लपवाछपवीमुळे दावा नाकारला जाण्याची वेळ आणू नये.

आमच्या मुलाचा फुगवटा चौदा महिन्यांनी मावळला. आता तो तिसरीत आहे आणि त्याला पोहायला जायचे असते. त्याची निळी फाईल मी आयकराच्या कागदांशेजारी ठेवतो. पहिल्या पानावर तापाची तारीख, औषधाचा दिवस आणि मात्रा, मागे प्रत्येक इकोतील धमनीचे माप. बदलीच्या सामानात ती खोक्यात जात नाही. गाडीत पत्नीच्या मांडीवर असते. पुढचा इको येत्या मार्चमध्ये आहे. रजेचा अर्ज मी आताच देऊन ठेवला आहे.